काटा थांबेपर्यंत

माझ्या धाकट्या दिरांइतका सावकाश माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो अजून घरातून निघायचा असेल. मी स्वतः मिनिटाला चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली बाई. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होणारी. लग्न होऊन कसबा बावड्याला आले आणि पहिल्याच सकाळी या दिरांना विचारलं, भाऊजी, चहा घेणार का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, ‘थांबा वैनी, बगतो.’ मी थांबले. चहा थांबला नाही, तो उतू गेला. तेव्हापासून मी त्यांना विचारणंच सोडलं आणि सरळ कप समोर ठेवायला लागले. तो कप ते घेत. फक्त निवल्यावर घेत.

त्यांना आंघोळीला पाठवलं की बंब दोनदा पेटवावा लागे. स्टेशन रोड ओलांडायला उभे राहिले की पलीकडून एखादा ओळखीचा माणूस येई, दहा मिनिटं बोले, परत पलीकडे जाई, आणि भाऊजी अजून अलीकडेच. आंबे आणायला गेले की देठ बघत, वास घेत, पेटीतला तळाचा आंबा वर काढून पुन्हा तळाला ठेवत आणि ‘उद्या बघू’ म्हणून पिशवी झटकत घरी येत. एका वर्षी असं बघता बघता बाजारात जांभळं आली. लग्नाचंही तेच. एक मुलगी बघून आले, पसंत पडली, पण होकार कळवायला त्यांनी इतके महिने लावले की आमचे हे निरोप घेऊन गेले तेव्हा त्या मुलीच्या डोहाळजेवणाची पंगत बसली होती. हे तिथेच जेवून आले. शेवटी जयसिंगपूरची जी मुलगी माझी जाऊ झाली तिने यांच्या होकाराची वाटच बघितली नाही. तिच्या घरच्यांनी तारीख काढली, पत्रिका छापल्या आणि एक आमच्याकडे पाठवून दिली. जाऊ अजून मला म्हणते, ‘अक्का, ह्यांचं ठरंपर्यंत थांबले असते तर आज मी म्हायेरीच म्हातारी झाले असते.’

असा माणूस कुठल्याही नोकरीत टिकला नसता, पण त्यांना नोकरी मिळाली ती एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. तेव्हा काटा सुईचा होता. उसाने भरलेली बैलगाडी लोखंडी पाटावर येऊन उभी राहायची, केबिनमधल्या मोठ्या तबकडीवर सुई झुलायची, आणि ती थांबली की आकडा लिहायचा. बाकीचे क्लार्क सुई थांबत आली की लिहीत. भाऊजी ती थांबली की लिहीत. या दोन्हींत किती फरक आहे ते केबिनबाहेर नंबरात उभ्या असलेल्या गाडीवानांना विचारावं. बैलाने कान हलवला तरी सुई हलते. माशी बसली की बैल कान हलवतो. आणि गळीत हंगामात माश्या किती असतात ते कुणी मोजलेलं नाही. भाऊजी पेन हातात धरून बैलाचं मन शांत होण्याची वाट बघत बसत. गाडीवान बाहेरून त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करत. पण ज्यांचा ऊस असे ते शेतकरी मुद्दाम विचारून त्यांच्याच पाळीला गाडी आणत, कारण यांनी लिहिलेल्या आकड्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. भाऊजींचं म्हणणं एकच: ‘काटा थांबल्याबिगर वजन होत न्हाय. त्यो नुसता आकडा असतोय.’

हंगाम संपला की मात्र या माणसाला काम नसे, आणि तेव्हा ते बुद्धिबळ खेळत. खेळत म्हणजे पट मांडून बसत. त्यांची आयुष्यात एकच इच्छा होती. पैसा नको, बढती नको, कुणाशी तरी एक डाव पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत पुरा व्हावा, एवढीच. आणि ती काही पुरी होत नव्हती. हरण्याजिंकण्याचा प्रश्नच नव्हता, तिथपर्यंत कुणी बसतच नसे. समोरचा प्यादं सरकवून दाढी करून येई, दळण टाकून येई, एकजण तर म्हशीला रेडकू होऊन, खरवस खाऊन परत आला आणि भाऊजी अजून घोड्याकडे बघत बसलेले. आमच्या ह्यांनी भावाच्या मायेपोटी सगळ्यात जास्त टिकाव धरला. पण एकदा त्यांची चाल झाल्यावर ते कामाला गेले, पाळी करून संध्याकाळी परत आले, आणि भाऊजी म्हणाले, ‘दादा, तुजी ती मगाची चाल लई भारी हाय.’ त्या दिवशी ह्यांनी हात जोडले. बावड्यात मग अशी वेळ आली की भाऊजी बगलेत पट घेऊन येताना दिसले की कट्टा रिकामा व्हायचा. लोक हरायला भीत नव्हते, बसायला भीत होते.

याच सुमाराला आम्ही दोघं बावड्याहून शाहूपुरीत राहायला आलो, तिथे माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बारा मशीन होत्या आणि दिवसभर कडकड कडकड चाले. मग मुली टायपिंग सोडून कॉम्प्युटरचा क्लास विचारायला लागल्या. मी रडत बसले नाही. मशीन विकल्या, पाच कॉम्प्युटर घेतले, मध्ये सनमायकाच्या पाट्या उभ्या केल्या आणि बाहेर ‘नेट कॅफे’ असा बोर्ड लावला. दोन हजार एकच्या आसपासची गोष्ट. त्या मोडेमचा आवाज आठवतो का? आधी डायल केल्याचा, मग कुणीतरी डबा खरवडल्यासारखा, मग शिट्टी, आणि मग एकदम शांत. त्या शांततेत पाचही खुर्च्यांवरची माणसं श्वास धरून बसायची. कुणी निकाल बघायला आलेलं, कुणी बायोडाटा छापायला, कुणी मेल पाठवायला. लागलं, असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे पुढे वाकायचे. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने आमच्याच लाइनवर जोडून घेतलेला फोन उचलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीवर हात आपटायची, तो पलीकडून ‘सॉरी मॅडम’ म्हणायचा. दिवसातून चार वेळा हे व्हायचं.

भाऊजी एका उन्हाळ्यात दुपारचे सहज माझ्याकडे आले. पडद्यावर कुणीतरी बुद्धिबळ खेळत होतं. ते मागे उभे राहिले ते उभेच राहिले. मी समजावलं की समोरचा खेळणारा दुसऱ्या गावात आहे, दुसऱ्या देशात असेल. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘म्हंजे त्याला मी दिसत न्हाय?’ नाही, म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हाच कळायला हवं होतं.

तेव्हाच्या त्या खेळांच्या खोल्या फार गमतीच्या होत्या. टेबलांची चित्रं, प्रत्येकाला दोन खुर्च्या, रिकाम्या खुर्चीवर टिचकी मारली की आपण बसलो. भाऊजींना असं न विचारता बसणं पटेना. कुणाच्या घरी गेलं तर बसा म्हटल्याशिवाय बसतो का आपण? म्हणून आधी ‘मी बसू का’ असं इंग्रजीत विचारायचं, ते मी लिहायचं, आणि तेवढ्यात तिसराच कुणीतरी येऊन खुर्चीवर बसलेला असायचा. पंधरा दिवसांनी ते न विचारता बसायला शिकले. मग घड्याळाचा घोटाळा. तिथे दहा मिनिटांचं घड्याळ चाले. भाऊजींच्या चार चाली व्हायच्या आत ते संपे. समोरचे लोक बाजूच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत ‘मूव्ह, मूव्ह’ असं लिहीत आणि मग आणखी काही लिहीत. भाऊजी मला विचारत, काय म्हणतोय. मी म्हणे, तब्येत विचारतोय. ‘बरी हाय म्हणून सांगा की.’ मी ‘फाइन’ असं लिहायची. त्यावर जे उत्तर येई ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. शेवटी पडद्यावर एक ओळ उमटे, समोरचा खेळाडू टेबल सोडून गेला. इतक्या टेबलांवर इतक्या देशांची माणसं त्यांना सोडून गेली की मला वाटलं, आता बावड्याच्या कट्ट्यासारखं हे जगही रिकामं होणार.

मग मीच एक दुसरी जागा शोधून काढली. तिथे घड्याळ नव्हतं. एक चाल करायला दहा दिवस मिळत. दहा दिवसांत चाल आली नाही तर समोरच्याच्या पडद्यावर एक बटण येई, ते दाबलं की तो जिंकला. मला वाटलं भाऊजी खूश होतील. ते म्हणाले, ‘दहाच दिवस?’ तरी त्यांनी नाव घातलं आणि त्यांना एक प्रतिस्पर्धी मिळाला. त्याचं तिथलं नाव ओल्डबार्न. मी सांगितलं, म्हणजे जुना गोठा किंवा कोठार, तसलं काही. भाऊजींनी मान डोलावली. गोठ्याचं नाव लावणारा माणूस साधा असणार, असं त्यांचं मत पडलं. तिथून पुढे ते त्याला ‘पावणं’ म्हणायला लागले. पाव्हण्यांची पहिली चाल नवव्या दिवशी आली. भाऊजींनी ती बघितली, तबकडी बघायचे तसे मागे टेकून बसले आणि म्हणाले, ‘वैनी, ह्यो आपल्यातला दिसतोय.’

तिसऱ्या चालीनंतर पाव्हण्यांनी बाजूच्या पट्टीत एक ओळ लिहिली: तुम्ही वेळ घेता. छान. मी ती मराठीत करून सांगितली. भाऊजींनी पुन्हा सांगायला लावली. आई, बाप, भाऊ, बायको, गाडीवान, आंबेवाला, आख्खं जग या माणसाला एका गोष्टीवरून बोलत आलं होतं, आणि कुठल्या कोण माणसाने त्याच गोष्टीला छान म्हटलं होतं. उत्तर काय लिहू विचारलं तर म्हणाले सांगतो. पाच दिवसांनी आले आणि सांगितलं, लिहा, तुम्हीपण.

असा तो डाव सुरू झाला. रोज सकाळी बावड्याहून फोन, ‘वैनी, पावण्यांची चाल आली का?’ आली नसली तर ‘बरं’ आणि आली असली तरी ‘बरं’. पण दुसऱ्या ‘बरं’नंतर चार दिवसांत ते स्वतः यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, आणि बाजूला पोरं जगाच्या पाठीवर गाड्या पळवत, गोळ्या झाडत असताना हे एका प्याद्याकडे बघत राहायचे. जाऊ म्हणायची, ‘पावणं पावणं करत वरीस झालं, एकदा च्याला तरी येऊ देत.’

दुसऱ्या हिवाळ्यात हंगाम जोरात चालू झाला आणि भाऊजींना काट्यावरून हलता येईना. दहावा दिवस उजाडला. मी फोन केला, चाल सांगा, मी करते. ते म्हणाले, अजून ठरलं नाही, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी केबिनचा फोनच लागेना. आता मला बुद्धिबळातलं कळतं ते इतकंच की घोडा वाकडा जातो. पण मला हातावर हात धरून बसता येत नाही. डाव जाणार त्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं, असा विचार करून मी समोर रिकामं दिसेल त्या घरात हत्ती नेऊन ठेवला. विचारासकट काम पाच सेकंदांत झालं. दुसऱ्या दिवशी भाऊजी कशीबशी सुटी काढून आले आणि त्यांनी पट बघितला. मला विचाराल तर त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त शर्टाचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. मी हत्ती पाव्हण्यांच्या उंटाच्या तोंडात दिला होता.

पाव्हण्यांचं उत्तर एका दिवसात आलं. वर्षभरात पहिल्यांदाच इतक्या लवकर. लिहिलं होतं: ही चाल तुमची नाही. आणि खाली त्यांची चाल होती. त्यांनी हत्ती मारला नव्हता. एक प्यादं उगाच पुढे सरकवलं होतं, म्हणजे भाऊजींना हत्ती मागे घ्यायला जागा मिळावी. मी वीस वर्षं लोकांचे अर्ज, दाखले, प्रेमपत्रं टाइप करून दिली आहेत, मला सहजी काही लागत नाही. पण त्या ओळीने माझे कान तापले. मी भाऊजींना म्हटलं, पुन्हा तुमच्या पटाला हात लावणार नाही. ते लगेच ‘बरं’ म्हणाले. इतक्या लगेच त्यांना काही म्हणताना मी तेव्हाच ऐकलं.

म्हणूनच पुढच्या उन्हाळ्यात जयसिंगपूरची वारी घडली. आमच्या गल्लीत गटारीसाठी खणताना टेलिफोनची केबल तुटली, आणि दुसऱ्या गल्लीतलीही तिच्याबरोबर गेली. आज होईल, उद्या होईल करत दहावा दिवस आला. कोल्हापुरात दुसरे कॅफे नव्हते असं नाही, पण भाऊजींना अनोळखी ठिकाणी विचार करता येत नाही, आणि ओळखीचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं. त्यांच्या मेहुण्याच्या दोस्ताने जयसिंगपुरात आपल्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर दोन कॉम्प्युटर टाकले होते. पासवर्ड मला माहीत, टिचक्या मी मारणार, म्हणून मीही एसटीत बसले. एका चालीसाठी दीड तासाचा प्रवास. वाटेत मी दोनदा विचारलं, चाल ठरलीय ना? ‘पक्की हाय,’ ते म्हणाले. माडीवर गेलो, पट उघडला, कोपऱ्यात उरलेला वेळ दिसत होता, पाऊण तास. भाऊजींनी पट बघितला आणि म्हणाले, ‘थांबा.’

दुकानदार जेवायला घरी जायच्या तयारीत होता. दर पाच मिनिटांनी जिन्यातून डोकं वर काढून ‘पावणं, झालं का?’ असं विचारे. मग तो वर येऊन मागे उभा राहिला. मग खुर्ची घेऊन बसला. मग त्याच्याने राहवेना. उंट हलवा की, म्हणाला. भाऊजींनी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. उरलेला वेळ आता मिनिटांत एक आकडी झाला होता, माझा हात माऊसवर होता आणि मी तोंडातून चकार शब्द काढत नव्हते, हे माझ्या घरच्यांना सांगून खरं वाटणार नाही. शेवटी भाऊजींनी बोट पुढे केलं. डाव्या कडेचं प्यादं एक घर पुढे. बस्स. दुकानदाराने खुर्ची पुढे ओढून पडदा न्याहाळला.

‘येवढ्यासाठी कोल्हापुरास्नं आलासा?’

‘व्हय,’ भाऊजी म्हणाले, ‘मागं घेता येत न्हाय नव्हं.’

डावाला अडीच वर्षं झाली असतील तेव्हा पाव्हण्यांची चाल यायची थांबली. दहावा दिवस गेला आणि अकराव्या दिवशी आमच्या पडद्यावर ते बटण आलं. हिरवं, ठळक. दाबा आणि जिंका. मी बावड्याला फोन करून आनंदाची बातमी दिली. भाऊजी आले, बसले, बटणाकडे बघितलं. मी म्हटलं, दाबा की, आयुष्यात पहिल्यांदा जिंकताय.

‘त्यो इचार करत आसंल.’

‘दहा दिवस झाले, भाऊजी.’

‘वैनी, बैलानं पाय उचललेला हाय. आत्ता आकडा लिहिला तर त्यो लबाडीचा हुईल.’

 बटण तसंच राहिलं. महिना गेला, दुसरा गेला. कॅफेतली पोरं येताजाता सांगत, काका, दाबा. आमच्या ह्यांनी सांगितलं, समोरचा कंटाळून गेला असेल, सगळेच जातात. हे भाऊजींना लागलं असावं, कारण त्या रात्री ते जेवले नाहीत असं जाऊने सांगितलं. पण तेही बरोबरच होतं. सगळेच जात होते. हा एकच बसला होता, आणि आता तोही गेला असेल तर भाऊजींना पुन्हा कुणी मिळणार नव्हतं. बटण दाबलं की जिंकले असते, पण मग समोरचा गेला हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं. हे सगळं मी आता लिहितेय. तेव्हा मी रोज सकाळी ‘चाल नाही’ एवढंच सांगत होते.

तिसऱ्या महिन्यात ओळ आली. हॉस्पिटलात होतो. तुम्ही बटण दाबलं नाहीत. का?

भाऊजींनी तीन दिवस घेतले. मग म्हणाले, लिहा, वजन झालं नव्हतं. मी म्हटलं, याला काय कळणार त्यातलं? पण त्यांनी सांगितला तसा शब्दाला शब्द लिहिला. उत्तर आलं: आयुष्यभर धान्य घालायला काट्यावर उभा राहिलोय. कळलं. आणि खाली चाल. बरा होऊन आलेला तो माणूस काय खेळायला लागला म्हणता. पुढच्या अकरा चालींत त्याने भाऊजींचा राजा कोपऱ्यात कोंडला आणि मात केली. या अकरा चालींना पाच महिने लागले, ते सोडा.

मला वाटलं आता हे चार दिवस तोंड दाखवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कॅफेत बसलेल्या प्रत्येकाला, शेजारच्या त्या फोन उचलणाऱ्या दुकानदारालासुद्धा पेढा दिला. त्याने विचारलं, जिंकलासा? नाही, हरलो, म्हणाले, पण डाव पुरा झाला. मी म्हटलं, फुकट मिळत होतं तेव्हा घेतलं नाही. भाऊजींनी पेढा तोंडात घोळवत घोळवत संपवला, हात रुमालाला पुसले आणि हसले. या माणसाला इतकं हसताना मी त्यांच्या लग्नातही बघितलं नव्हतं, पण लग्नात बिचारे गडबडीत होते.

त्याच आठवड्यात पाव्हण्यांकडून एक शब्द आला: पुन्हा? त्याच्याखाली दोन बटणं, हो आणि नाही. मी भाऊजींना बोलावून घेतलं. माझा हात माऊसवरच होता. दाबू का, विचारलं.

‘थांबा की वैनी. तीन वर्षांचं काम हाय. हो म्हटलं की बसाय पायजे. त्यो आजारी माणूस, माजा हंगाम. बगतो.’

मी माऊसवरचा हात काढून घेतला. शब्द दिला होता ना, तुमच्या पटाला हात लावणार नाही म्हणून. हंगाम सुरू झाला. कारखान्यात तोवर नवा काटा आला होता, लाल आकड्यांचा, सुई नसलेला, आणि भाऊजी ते आकडे लुकलुकायचे थांबेपर्यंत बसून राहत असं ऐकलं. मी रोज सकाळी ते पान उघडून बघायची. वरच्या बाजूला एक पिवळा चौकोन यायचा. त्या काळात काय काय चौकोन यायचे, तुम्हाला बक्षीस लागलंय, तुमचं भविष्य बघा, अमुक करा. मी ते वाचत बसत नसे. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी आणि काम पुढे. तोही तसाच बंद करायची.

भाऊजी आले ते तीन आठवड्यांनी. इस्त्रीचा शर्ट. पायरीवरूनच म्हणाले, ठरलं, हो म्हणा. मी त्या दिवशी पहिल्यांदाच पान उघडलं. पट नव्हता, टेबलं नव्हती, ओल्डबार्न नव्हता. इंग्रजीत चार ओळी होत्या. हे खेळ आता बंद केले आहेत, पंधरा दिवस सूचना दिली होती, इतकी वर्षं खेळलात त्याबद्दल आभार. मी त्या भाऊजींना सांगितल्या. ते म्हणाले, पुन्हा सांगा, सावकाश सांगा. मी सावकाश सांगितल्या. पिवळ्या चौकोनात काय असायचं ते मला तेव्हा कळलं, आणि ते मी त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले की तुमच्याकडे कामं फार असतात.

तीन वर्षांत आम्ही त्या माणसाचं नाव विचारलं नव्हतं. गाव नाही, देश नाही, बाई की बुवा हेही नाही. मला कधी सुचलं नाही, आणि भाऊजी विचारणारच होते.

पुढे घरोघरी नेट आलं आणि मी कॅफे बंद केला. पाट्यांची सनमायका काढून जाऊच्या ओट्याला लावली, वाया काही घालवलं नाही. भाऊजी आता रिटायर झालेत. त्यांच्या पोराने त्यांना मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिलं होतं. चाल केली की डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरून चाल येते. त्यांनी एकदा खेळून बघितलं आणि मोबाइल परत केला. ह्यो इचारच करत न्हाय, म्हणाले, नुसता खेळतोय.

मागच्या महिन्यात बावड्याला गेले होते. अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, म्हणजे मी फोडत होते, त्यांच्या हातात अजून पहिलीच शेंग होती. एकदम म्हणाले, ‘वैनी, आपण न्हाय म्हटलं आसं तर त्याला वाटलं नसंल नव्हं?’

मी नेहमीप्रमाणे ताबडतोब उत्तर दिलं. म्हटलं, नाही हो भाऊजी, तुम्ही विचार करताय एवढंच वाटलं असेल त्याला. तुम्हाला तो ओळखत होता की.

त्यांनी हातातली शेंग फिरवून बघितली. माझं म्हणणं त्यांना पटलं की नाही ते अजून कळलेलं नाही. एवढ्यात कळायचंही नाही.